लिव्हरपूलला दिसलेला कापूस

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की तू रोज ऑफिसात जे करतोस त्याचा इतिहास कधी सांगणार? तर आज तेच. मी सप्लाय चेनचं सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात सध्या सगळ्यात जास्त विकला जाणारा शब्द म्हणजे ‘व्हिजिबिलिटी’. कंपनीचा माल आत्ता कुठे आहे, कोणाकडून आला, कोणत्या गोदामात पडलाय, हे एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. कपड्याच्या कंपनीसाठी असा स्क्रीन बनवला की उजवीकडचं सगळं झकास दिसतं. दुकान, कंटेनर, बंदर, शिलाई कारखाना, कापड गिरणी, सूतगिरणी, जिनिंग. आणि सगळ्यात डावीकडे एक रकाना असतो, ‘शेत’. तो जवळजवळ नेहमी रिकामा असतो, किंवा त्यात ‘भारत’ एवढंच लिहिलेलं असतं.

मी वरोऱ्याचा. त्यामुळे तो रिकामा रकाना मला जरा जास्तच खुपतो. वरोरा म्हटलं की बाहेरच्या लोकांना आनंदवन आठवतं, थोड्या जणांना कोळसा आठवतो. पण हिवाळ्यात गावात या, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग दिसेल. आणि गंमत अशी, की हा रकाना भरायचा प्रयत्न दीडशे वर्षांपूर्वी आमच्याच भागात झाला होता. त्यासाठी कायदे झाले, अधिकारी नेमले गेले, रेल्वे टाकली गेली. तो प्रयत्न कोणासाठी होता आणि त्यात कोणाला काय दिसलं, ही आजची गोष्ट.

आधी रेल्वे नव्हती तेव्हाचं बघू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून, बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. तिथून नावेतून कलकत्त्याकडे. अंतर शेकडो मैल. वाटेत धूळ, पाऊस, नदीचे उतार. बैल चालताना पुढच्या बैलाच्या पाठीवरच्या गोणीला तोंड लावायचा, त्यातलं थोडं खायचा. पोचेपर्यंत कापसाचं जे काही व्हायचं त्याचा दोष कोणाला द्यायचा? शेतकऱ्याला, सावकाराला, बंजाऱ्याला की पावसाला? काही कळायचा मार्गच नव्हता. आजच्या भाषेत, मधल्या एकाही टप्प्यावर नोंद नाही.

विलायतेला याची फार फिकीर नव्हती, कारण त्यांचा खरा कापूस अमेरिकेतून यायचा, गुलामांच्या श्रमावर पिकलेला. पण आपण एकाच पुरवठादारावर अवलंबून आहोत ही धास्ती मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना होतीच. म्हणून १८५७ साली त्यांनी कॉटन सप्लाय असोसिएशन नावाची संस्था काढली. काम एकच, जगात दुसरीकडे कुठे कापूस मिळेल ते शोधणं. चार वर्षांत त्यांची भीती खरी ठरली. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. भारतातून येणाऱ्या गाठी फोडल्या की आत सरकी, माती, पानांचा चुरा, ओला कापूस. वर चांगला थर, आत भलतंच. मुंबई सरकारने १८६३ साली खास कायदा केला, मुंबई कॉटन फ्रॉड्स ॲक्ट. भेसळ हा गुन्हा ठरला, तपासनीस नेमले, प्रेसना परवाने लागू झाले.

इथे थोडं थांबतो, कारण हा कायदा म्हणजे सप्लाय चेनमध्ये दिसेनासं झालं की लोक पहिल्यांदा काय करतात त्याचं अगदी नमुनेदार उदाहरण आहे. शेवटच्या टप्प्यावर पोलीस उभा करायचा. मुंबईच्या बंदरात गाठ फोडून भेसळ सापडली, तर पकडणार कोणाला? गाठ मुंबईला पोचेपर्यंत माल पाच-सहा हातांतून गेलेला. गावातल्या खरेदीदाराने वीस घरांचा कापूस एका ढिगात ओतलेला. ज्याने चांगला आणला आणि ज्याने पाणी मारून आणला, दोघांचा कापूस तिथेच एक झाला. हा कायदा फार काळ टिकला नाही, आणि त्याचं मला आश्चर्य वाटत नाही.

बरं, लोक भेसळ का करत होते? ‘नेटिव्ह लबाड असतात’ हे त्या वेळच्या साहेबांचं आवडतं उत्तर. खरं कारण साधं होतं. गावात स्वच्छ कापसाला आणि कचऱ्याच्या कापसाला भाव जवळपास सारखाच मिळायचा. मग शेतकऱ्याने दोन दिवस जास्त मजुरी देऊन स्वच्छ वेचणी का करावी? १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक शोधनिबंध लिहिला. विकत घेणाऱ्याला गाडी चांगली की भंगार हे कळत नसेल तर तो सगळ्यांना मधला भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो, आणि शेवटी भंगारच उरतं. त्याला पुढे २००१ साली नोबेल मिळालं. आमच्याकडच्या कापसाने तेच शंभर वर्षं आधी करून दाखवलं होतं, कसं ते पुढे येतंच.

आता मुख्य पात्र. हॅरी रिव्हेट-कार्नॅक. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, नागपूर, वर्धा, चांदा हे सगळं त्यात आलं. शेजारचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, पण कागदोपत्री निजामाचा. या दोन्ही मुलखांसाठी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉटन कमिशनर म्हणून या कार्नॅकची नेमणूक झाली. या माणसाने आपल्या खात्याचे अहवाल छापले. कोणत्या जिल्ह्यात कापसाखाली किती जमीन, कोणत्या बाजारात किती माल आला, कुठे वाफेचा प्रेस बसला, कुठे रस्ता नाही, कोणतं बियाणं लावून पाहिलं. मी ते पहिल्यांदा चाळले तेव्हा मला सरळ डॅशबोर्डच दिसला. फक्त छापील. वाचणारे होते मुंबईतले निर्यातदार, लंडनमधलं सरकार आणि मँचेस्टरचे गिरणीवाले. कार्नॅकने म्हातारपणी, १९१० साली, आठवणींचं पुस्तकही काढलं. माणूस हौशी होता, दगडांवरच्या प्राचीन खुणांपासून पदकांपर्यंत सगळ्यात त्याला रस. पण त्याचं मुख्य काम मधले टप्पे कमी करणं आणि उरलेल्या प्रत्येक टप्प्यावर साहेबाची नजर पोचवणं.

ही नजर पोचवायला तीन गोष्टी लागल्या, आणि तिन्ही दहा-बारा वर्षांत आल्या.

पहिली रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, वर्धा वाटेवरच. मग वर्ध्यापासून दक्षिणेला एक फाटा निघाला, हिंगणघाटवरून वरोऱ्याला. नाव होतं वर्धा कोल स्टेट रेल्वे. नावात कोळसा आहे, कारण वरोऱ्याला १८७१ पासून सरकारी खाण सुरू झाली होती. पण हिंगणघाट ही कापसाची मोठी पेठ, म्हणून हा फाटा कोळशाइतकाच कापसाचाही होता. आमची ती खाण १९०६ साली बंद पडली, फाटा मात्र राहिला. आज दिल्लीहून चेन्नईला जाणारी गाडी वरोऱ्यावरून जाते ती त्याच वाटेने.

कोळसा आणि कापूस एकाच रुळावर आले त्याचा एक परिणाम नागपूरला दिसला. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांनी तिथे एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपुरात का, असं लोक विचारत होते. टाटांचा हिशोब होता, कापूस शेजारी, कोळसा वरोऱ्याचा, गिऱ्हाईक भोवती. मधले टप्पे जितके कमी तितकं कमी आंधळेपण.

दुसरी गोष्ट प्रेस. सुटा कापूस म्हणजे नुसता वारा, वॅगनमध्ये मावत नाही. वाफेच्या प्रेसमध्ये दाबला की घट्ट गाठ. गाठीला खूण करता येते, मोजता येते, बंदरात उचलून जहाजावर टाकता येते. सुट्या कापसाला ओळख देता येत नाही, गाठीला देता येते. हा मुद्दा लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट तार. १८७० मध्ये सुएझमार्गे मुंबईपर्यंत समुद्राखालची तार पोचली. त्याआधी पत्र जायला आठवडे लागायचे, आता भाव काही तासांत जाऊ लागला. लिव्हरपूलमध्ये जहाज अजून समुद्रात असतानाच ‘येणाऱ्या मालाचे’ सौदे व्हायला लागले होते. जो माल अजून दिसलाच नाही तो विकायचा तर त्याला नाव हवं, ज्या नावाचा अर्थ दोघांनाही माहीत आहे असं. म्हणून लिव्हरपूलच्या भावयादीत आमच्या गावांची नावं आली. अमरावतीचं ‘ऊमरावती’, मग त्याचं तुटून ‘ऊमरा’. आणि ‘हिंगणघाट’. हिंगणघाट हे नाव चांगल्या, लांब धाग्याच्या देशी कापसाचं झालं. ज्या इंग्रज दलालाला हिंगणघाट नकाशात दाखवता आलं नसतं, तो ते नाव दिवसातून वीसदा घेत होता.

म्हणजे १८७५ च्या सुमाराला लिव्हरपूलच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काय दिसत होतं? वऱ्हाडात यंदा पेरा किती, पाऊस कसा, मुंबईत गाठी किती पडल्यात, कोणत्या जहाजावर किती चढल्या. आणि वरोऱ्याच्या शेतकऱ्याला काय दिसत होतं?

त्याला समोरच्या अडत्याचा रुमाल दिसत होता.

आपल्याकडच्या बाजारांत भाव ठरवायची जुनी पद्धत होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली किंवा उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायचे. कोणतं बोट, किती पेरं, यावरून भाव ठरायचा. ज्याचा माल विकला जातोय तो शेजारी बंडीवर बसलेला, आणि भाव त्यालाच दिसत नाही. मग माप. वजनं कोणाची, काटा कोणाचा? त्यानंतर कपाती. दलाली, हमाली, मापाई, धर्मादाय, गोशाळा, नमुन्याचा कापूस, आणि मालात खोट दाखवून कटती. यातली कटती हा शब्द तर आजही आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

तारेने आणलेला भाव पेठेतल्या मोठ्या व्यापाऱ्यापर्यंत पोचला आणि तिथे थांबला. नजर एकाच दिशेने जात होती, वरून खाली. अमेरिकेतली यादवी १८६५ ला संपली, भाव कोसळले, तेव्हा ती बातमीही शेतकऱ्याला सगळ्यात शेवटी कळली. तेजीच्या काळात काढलेलं कर्ज मात्र तसंच राहिलं. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्यामागे हेही एक कारण होतं. वह्याच का जाळल्या, हे डेटाबेसवाल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात एक बदल मात्र उलट्या दिशेने झाला, आणि तो मला कार्नॅकच्या सगळ्या अहवालांपेक्षा मोठा वाटतो. १८८६ साली वऱ्हाडात कारंज्याला, म्हणजे आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला, हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने नियमन केलेला बाजार सुरू झाला. भारतातली पहिली बाजार समिती म्हणून त्याचंच नाव घेतात. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. बाजाराची हद्द ठरली, दलाल आणि मापारी यांना परवाने, वजनांची तपासणी, कपातींवर नियम. हेतू शेतकऱ्यावर दया करणं एवढाच नव्हता. लँकेशायरला शुद्ध माल हवा होता आणि सरकारला शिस्त. समितीवर व्यापारी आणि नगरपालिकेची माणसं, शेतकऱ्याला जागा नाही. पण तरी, भाव उघड्यावर आला. काटा उघड्यावर आला.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. वर्धा नदी. नदीच्या पश्चिमेला वणी, पूर्वेला वरोरा. दोन्ही गावांचे सोयरसंबंध एकमेकांत, भाषा एक, काळी जमीन एक, कापूस एक. पण वणी वऱ्हाडात आणि वरोरा मध्य प्रांतात. तो १८९७ चा कायदा नदीच्या पलीकडे होता. अलीकडे नाही. मध्य प्रांताला कापूस बाजाराचा स्वतंत्र कायदा मिळाला तो थेट १९३२ साली. पस्तीस वर्षं. म्हणजे एका आख्ख्या पिढीने नदी ओलांडली की वेगळा काटा, असं आयुष्य काढलं. आमच्याकडे चंद्रपूरच्या इतिहासावर बोलताना गोंडराजे येतात, किल्ला येतो, जंगल येतं, वाघ येतो. ही पस्तीस वर्षं कुणीच सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

आता त्या हिंगणघाट नावाचं काय झालं ते. हिंगणघाटची ख्याती ज्या कापसावर होती तो म्हणजे ‘बनी’. धागा बारीक, लांब, मऊ. पण झाडाला उत्पन्न बेताचं आणि क्विंटलभर कापसातून रुई कमी निघायची. त्याच्या शेजारी होते भरड, आखूड धाग्याचे वाण. ‘जरी’ म्हणून ओळखली जाणारी मिसळ, पुढे ‘रोझियम’. धागा जाड, पण बोंडं भरपूर आणि रुईचा उतारा जास्त. गावातला खरेदीदार दोन्ही एका ढिगात ओतणार आणि एकच भाव देणार. शेतकऱ्याने काय पेरावं? तो काही वेडा नव्हता. बनी हळूहळू शेतातून गेली. कृषी खात्यालाही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मान्य करावं लागलं, की शेतकऱ्याच्या हातात पैसा पडायचा तर रोझियमच बरी. अकरलॉफच्या जुन्या गाड्या त्या ह्याच.

पण लिव्हरपूलच्या यादीत नाव शिल्लक होतं. नावाला भाव होता आणि त्या नावाचा कापूस कमी होत चालला होता. मग जे व्हायचं तेच झालं. आणि इथे रेल्वेने साथ दिली. भरड कापूस वॅगनमधून चांगल्या कापसाच्या मुलखात आणायचा, तिथल्या जिनमध्ये पिंजायचा, तिथल्या प्रेसमध्ये दाबायचा, आणि तिथलं नाव लावून मुंबईला पाठवायचा. गाठ कुठे दाबली ते खरं, कापूस कुठला ते खोटं. रेल्वेमुळे सगळं दिसेल असं वाटलं होतं, तिनेच लबाडीला चाकं दिली.

याची चौकशी करायला १९१७ साली इंडियन कॉटन कमिटी नेमली गेली. तिचा अहवाल १९१९ चा. त्यातून दोन कायदे आले. १९२३ चा कॉटन ट्रान्सपोर्ट ॲक्ट, म्हणजे ठरवलेल्या संरक्षित भागात बाहेरचा कापूस रेल्वेने आणायला बंदी घालता येईल. आणि १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा. त्यानुसार प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक बंधनकारक झाला, आणि कारखान्याने नोंदवह्या ठेवायच्या. गाठ जगात कुठेही सापडो, ती कोणत्या प्रेसमधली आणि कितवी हे कळणार. मी जेव्हा टीममधल्या मुलांना युनिक आयडी म्हणजे काय ते समजावतो तेव्हा हल्ली याच कायद्याचं उदाहरण देतो. क्यूआर कोडच्या कितीतरी आधी आमच्या गाठींना सीरियल नंबर होता.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. राज्यातला सगळा कापूस पणन महासंघाने घ्यायचा, व्यापाऱ्याने नाही. या योजनेला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि चुकारे रखडायचे, ग्रेडरची मर्जी चालायची हे सगळं खरंच आहे. पण एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी. तिथे प्रतवारी शेतकऱ्याच्या गाडीवर व्हायची. कोणाचा कापूस कोणत्या ग्रेडचा हे त्याच्या पावतीवर लिहिलेलं असायचं. तो रिकामा रकाना त्या काळात, कागदावर का होईना, भरला जात होता. मग सीमेपलीकडे भाव जास्त असला की आमच्याकडचा कापूस रातोरात आदिलाबादकडे जायचा, आणि तिकडे कमी असला की तिकडचा इकडे यायचा. पावती होती, पण कापूस त्या पावतीवरच्या शेतातला आहे की नाही हे कोण बघणार! २००२ च्या सुमाराला एकाधिकार संपला.

आणि आता आपण आजच्या स्क्रीनवर येतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टार्गेट कंपनीने वेलस्पन इंडिया या मोठ्या भारतीय उत्पादकाशी व्यवहार तोडला. सुमारे साडेसात लाख चादरी आणि उशांचे अभ्रे इजिप्शियन कापसाचे म्हणून विकले गेले होते, आणि कापूस तो नव्हता. वेलस्पनचा शेअर काही दिवसांत कोसळला. हिंगणघाटचं नाव लावून भरड कापूस पाठवणारा शंभर वर्षांपूर्वीचा व्यापारी असता तर हसला असता. त्यानंतर मात्र सगळ्या मोठ्या कंपन्यांना कापसाचं मूळ गाव शोधण्याचा ध्यास लागला. २०२२ च्या जूनपासून अमेरिकेने शिनजियांगमधल्या सक्तीच्या मजुरीचा माल अडवायला सुरुवात केली, मग तर आयातदाराला प्रत्येक टप्प्याचा पुरावा लागायला लागला. माझ्यासारख्यांचा पगार त्यातूनच येतो, हेही सांगून टाकतो.

आपल्याकडे कॉटन कॉर्पोरेशनने, म्हणजे सीसीआयने, गाठींवर क्यूआर कोड आणि ब्लॉकचेनवर नोंद सुरू केली. ‘कस्तुरी’ नावाचा भारतीय कापसाचा ब्रँड आला, तोही अशाच नोंदींवर उभा. गाठ स्कॅन करा, कोणत्या कारखान्यात दाबली, प्रत काय, सगळं मिळेल. चांगलं काम आहे. पण नीट बघा, नोंद कुठून सुरू होते? गाठीपासून. १९२५ साली जिथून सुरू होत होती तिथूनच.

का, ते समजायला हंगामात वरोऱ्याच्या कुठल्याही जिनिंगच्या आवारात उभं राहा. माझ्या मोठ्या बाबांबरोबर मी गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं. ग्रेडर कापसात हात घालतो, ओलाव्याचं यंत्र खुपसतो. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा धरलेला असतो, बारापर्यंत चालतो पण पैसे कापतात, त्यापुढे परत. धागा बोटांनी ओढून बघितला जातो. मग ट्रॉली आवारात जाते आणि कापूस ढिगावर ओतला जातो. तो ढीग म्हणजे पांढरी टेकडी. त्यात आमचा कापूस, पलीकडच्या गावचा, कोणाचा पहिल्या वेचणीचा, कोणाचा फरदडीचा, कोणाचा कवडी मिसळलेला. ओतला त्या क्षणी नाव संपलं.

हिशोब करून बघा. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई. गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. शंभर गाठींचा लॉट धरला तर पाचशे क्विंटल. एका ट्रॉलीत वीस-पंचवीस क्विंटल येत असेल तर वीसेक घरांचा कापूस त्या एका लॉटमध्ये आहे. त्यात ज्याच्या बायकोने आणि लेकींनी केसांना फडकं बांधून, प्लॅस्टिकच्या गोणीऐवजी सुती कापडात वेचला, त्याचा आणि ज्याच्या कापसात गुटख्याची पाकिटं सापडली त्याचा भाव त्या दिवशी फार तर शे-दोनशेने वेगळा. रुईची खरी तपासणी, धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर, ही प्रयोगशाळेत होते ती गाठीचा नमुना काढून. तो रिपोर्ट गिरणीला जातो, निर्यातदाराला जातो, माझ्या स्क्रीनवर येतो. मोठ्या बाबांना जात नाही. त्यांच्या कापसातून रुई ३३ निघाली की ३७, हे त्यांना चाळीस वर्षांच्या शेतीत एकदाही कळलेलं नाही. मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आपल्याले कोन सांगन ते? आपन तं ढिगात गेलो.”

आणि म्हणून बियाण्याची निवडही आंधळीच राहते. दुकानदार सांगेल ते पाकीट. रुईचा उतारा शेतकऱ्याला कळला असता, त्यावर भाव मिळाला असता, तर कोणी दोन-तीन टक्के जास्त रुई देणारं वाण मुद्दाम शोधलं असतं. बनी गेली ती याच आंधळेपणात गेली.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे का? खरं सांगू, नाही. ढीग लहान ठेवायचे, वाणाप्रमाणे वेगळे ठेवायचे. शेतकऱ्याच्या मालातला छोटा नमुना तिथल्या तिथे लहान जिनवर पिंजून उतारा काढायचा. गाठीचा रिपोर्ट आला की त्या ढिगात ज्यांचा कापूस होता त्या सगळ्यांच्या मोबाईलवर टाकायचा. सीसीआयचं ‘कपास किसान’ ॲप २०२५ मध्ये आलंच आहे, नोंदणी आणि विक्रीची वेळ त्यावर घेता येते. त्याच ॲपवर अजून एक ओळ. अडचण अशी की छोटे ढीग म्हणजे जिनवाल्याला मशीन थांबवणं, साफ करणं, जागा आणि मजुरी. आणि ती एक ओळ विकत घ्यायला कोणी तयार नाही. मी एका मीटिंगमध्ये हे मांडलं होतं. समोरच्याने शांतपणे विचारलं, “पण शेतकरी आपला कस्टमर आहे का?” प्रश्न धंद्याच्या हिशोबाने बरोबर होता. कार्नॅकलाही कोणी विचारलं असतं तर त्याने हाच प्रश्न विचारला असता.

एक शेवटची गंमत. मुंबईच्या कापूस बाजारात आजही रुईचा भाव ‘खंडी’त सांगतात. एक खंडी म्हणजे ७८४ पौंड, सुमारे ३५६ किलो. हे माप कार्नॅकच्या आधीपासूनचं. शेतकरी विकतो क्विंटलमध्ये, सरकीसकट. बातम्यांत येतो खंडीचा भाव, सरकीशिवाय. मोठे बाबा टीव्हीवर तो आकडा ऐकतात आणि मला विचारतात, “म्हणजे आपला किती झाला रे?” मग मी मोबाईल काढतो, ३५६ ने भागतो, उताऱ्याने गुणतो, सरकीचा भाव मिळवतो, जिनिंगचा खर्च वजा करतो. उताऱ्याच्या जागी मात्र दरवेळी अंदाजाने ३४ टाकतो.

पुढच्या भागात वरोऱ्याच्या त्या १८७१ च्या खाणीत उतरू. तुमच्याकडे आजोबा-पणजोबांच्या काळातल्या कापूस विक्रीच्या जुन्या पावत्या, एकाधिकाराच्या काळातली ग्रेडची कार्डं असतील तर फोटो काढून नक्की पाठवा. विशेषतः वणी आणि वरोरा, दोन्हीकडच्या. शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आहेत.